आधी कोणी पाहिले?

दर्शनाला जातो म्हणताना आपल्या मनात अर्थ ठरलेला असतो. पाहणारे आपण आणि पाहिला जाणारा देव. पंढरीत पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे, नाहीतर मुखदर्शन घेऊन माघारी वळावे. दोन्हीकडे काम आपल्याच डोळ्यांचे. पण जुनी माळकरी माणसे घरी परतल्यावर कधी कधी उलटेच सांगतात. ‘देवानं बघितलं’ म्हणतात आणि त्यातच त्यांचा शीण निघून जातो. ही केवळ भाबडी बोलण्याची रीत म्हणावी, की तिच्यात काही तथ्य आहे? मला याचे उत्तर पाळण्यात सापडते.

नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरापलीकडचे धूसरच दिसते. अंगावर पिताना आईचे तोंड जेवढे दूर असते, साधारण तेवढेच त्याचे जग. तेरेसा फारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दोन ते पाच दिवसांच्या बाळांना एकाच चेहऱ्याची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी दाखवली. एकात डोळे समोर रोखलेले, दुसऱ्यात बाजूला वळलेले. बाळे समोर पाहणाऱ्या चेहऱ्यावर अधिक वेळ खिळली. ज्या जिवाला अजून आपले हातही आपले म्हणून कळत नाहीत, त्याला कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे हे जाणवते!

पुढची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. काही महिन्यांत बाळ मोठ्यांच्या नजरेमागे जाऊ लागते. आई खिडकीकडे पाहते, तेही तिकडे पाहते. पण दरवेळी नाही. सेंजू आणि चिब्रा या संशोधकांनी २००८ साली सहा महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, पडद्यावरची स्त्री आधी बाळाकडे पाहून मग खेळण्याकडे वळली, तरच बाळाची नजर तिच्यामागे गेली. आधी तिने पाहिलेच नाही, तर तिचे वळणे त्याच्या लेखी नुसती हालचाल. आधी ओळख, मग शिकवण, असा हा क्रम आहे. सद्‌गुरूची कृपादृष्टी उपदेशाच्या आधी मानतात, ती उगाच नव्हे.

मग ज्या घरी आईलाच दिसत नाही, तिथे काय होते? त्याच प्रयोगात एक उत्तर होते. नजरेच्या जागी बाळाशी बोलण्याच्या लाडिक सुरात साद घातली, तरी बाळ तसेच मागे आले. पुढे सेंजू यांनी अंध आईबापांच्या डोळस बाळांचा अभ्यास केला. ती बाळे डोळ्यांकडे थोडे कमी लक्ष देत, पण बोलण्यात, माणसांत मिसळण्यात कुठे उणी पडली नाहीत. म्हणजे महत्त्व बुबुळांचे नव्हे. ‘तू आहेस, तुझ्याशीच बोलते आहे,’ हे पोचले की झाले. आपल्या संप्रदायाला हे नवे वाटू नये. श्रीगुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी ते स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवून घेत आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत.

कोणी म्हणेल, बाळासमोर जिती-जागती आई आहे, विटेवर तर पाषाण आहे. आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या बाळांकडून देवाची साक्ष काढू नये. तो दोघांवरही अन्याय होईल. मी एवढेच म्हणेन की, ‘देवानं बघितलं’ म्हणणारी म्हातारी तोच क्रम सांगते आहे, जो प्रत्येकाच्या आयुष्यात भाषेच्या आधी घडून गेला. आपण पाहायला लागलो, त्याआधी कोणीतरी आपल्याला पाहिले होते. तिला तो आठवतो, आपण विसरलो.

आणि विसरलो म्हणूनच, आपल्याही नजरेमागे कोणी येत असते याचे भान राहत नाही. कडेवरच्या मुलाला आपण बोट दाखवून चिमणी दाखवतो, कळस दाखवतो. ती शिकवण आपल्या हिशेबात असते. पण दारात कचरा न्यायला आलेल्या बाईला डबा देताना आपण तिच्या तोंडाकडे पाहिले की नाही, हे मोजतो कोण? दिंडीत खांद्यावर बसलेले पोर पाहते की, त्याचा बाप अनोळखी माणसाच्या पायांवर वाकतो, तो माणूसही बापाच्या पायांवर वाकतो, आणि उठताना दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहतात. जात, वय, गाव कोणी विचारत नाही. अठरा-वीस दिवसांच्या वाटेवर हे त्याला कितीदा दिसत असेल. मग आषाढी होते, बिऱ्हाड घरी येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीच बाई येते. पोर कडेवरच असते, आणि आपण आता कुठे पाहतो याकडे त्याचे डोळे असतात.