भयाकडून भावाकडे

लहान मुलाला वळण लावताना आपल्या घराघरांत एक वाक्य सहज तोंडून जाते : ‘असे करू नकोस, देव शिक्षा करील.’ मूल लगेच हात आखडते. आपल्याला वाटते, संस्कार झाला. पण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. मुलाने हात आखडला तो धाकाने. उद्या ते मोठे होईल. खोटे बोलूनही आभाळ कोसळत नाही, हे त्याला दोन-चार वेळा दिसेल. मग धाक सरला की नीतीही सरणार काय? आणि धाकाने जो देवाजवळ आला, तो विठोबाला माउली म्हणून कधी हाक मारणार?

चांगले-वाईट ठरवण्याची बुद्धी माणसात कशी वाढते, याचा विचार आपल्या संतांनी साधकाच्या अंगाने केला. गेल्या शतकात पाश्चात्त्य अभ्यासकांनी तो मुलांच्या अंगाने केला. स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे यांनी १९३२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते मुलांजवळ बसले, त्यांना गोष्टी सांगितल्या आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

त्यांतली एक गोष्ट अशी. एका मुलाला जेवायला हाक आली म्हणून त्याने दार ढकलले. दारामागे खुर्चीवर कपांचे तबक आहे, हे त्याला माहीत नव्हते. पंधरा कप फुटले. दुसरा मुलगा आई घरात नाही असे पाहून फळीवरचा मुरंबा चोरून घ्यायला चढला. त्याच्या हाताचा धक्का लागून एक कप फुटला. आता सांगा, जास्त चूक कोणाची? सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले म्हणाली, पहिल्याची, कारण त्याने पंधरा फोडले. नऊ-दहा वर्षांची मुले म्हणू लागली, दुसऱ्याची, कारण तो चोरायला गेला होता. लहान मूल फुटक्या तुकड्यांचा ढीग पाहते. थोडे मोठे झाले की ते करणाऱ्याचे मन पाहू लागते.

पण यात आपला, थोरांचाही हात आहे. स्टीलचा पेला पडला तर आपण नुसते ‘सांभाळून’ म्हणतो आणि महागाचा काचसामान फुटला की धपाटा घालतो. मनात काय होते, हे विचारतच नाही. मग मुलाने तुकडेच मोजले तर नवल काय? मोजायला आपणच शिकवलेले असते. आपल्या परंपरेत तर देव भावाचा भुकेला आहे, असे शेंबडे पोरही सांगते. देव जर भाव पाहतो, तर घरात आईबापाने नुकसान पाहून कसे चालेल?

पियाजे यांनी मुलांचा गोट्यांचा खेळही असाच निरखला. खेळाचे नियम कोणी केले, ते बदलता येतील का, असे त्यांनी विचारले. लहान मुले म्हणत, नियम थोरांनी केले, बापाने केले, कोणी म्हणे देवाने केले. ते बदलायचे नाहीत. आणि गंमत अशी, की हीच मुले खेळताना नियम सर्रास मोडत. आपण मोडतो आहोत, हेही त्यांच्या लक्षात येत नसे. अकरा-बारा वर्षांची मुले म्हणत, नियम आपणच ठरवतो, सगळ्यांचे एकमत झाले तर बदलताही येतो. आणि हीच मुले ठरलेला नियम काटेकोर पाळत. म्हणजे नियम वरून आला असे मानणारे तो विसरत होते आणि तो सर्वांच्या भल्यासाठी आहे हे समजलेले तो जपत होते.

हा फरक कशाने पडला? पियाजे म्हणतात, मान दोन प्रकारचा असतो. एक एकेरी मान, लहानाने थोराला द्यायचा. त्यातून आज्ञाधारकपणा येतो. दुसरा परस्परांचा मान, बरोबरीच्यांनी एकमेकांना द्यायचा. त्यातून न्याय म्हणजे काय ते कळते. मुलाला बरोबरीच्या सवंगड्यांत नीती उमगते, कारण तिथे ‘मी सांगतो म्हणून’ चालत नाही. दुसऱ्याचेही ऐकावे लागते. गोपाळकाल्याचा अर्थ या अंगानेही पाहावा. कृष्णाने सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, त्या सवंगड्यांत बसून. देव तिथे सिंहासनावर नव्हता.

पियाजे यांच्यानंतर अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी हा विचार पुढे नेला. १९५८ साली शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलांपुढे काही पेच ठेवले होते. त्यांतला हाइन्झ नावाच्या माणसाचा पेच जगभर पोहोचला. त्याची बायको मरणाच्या दारात आहे. तिला वाचवील असे औषध एकाच औषधवाल्याकडे आहे. त्याला ते बनवायला २०० डॉलर लागतात आणि तो मागतो २०००. हाइन्झने हात पसरून १००० जमवले. औषधवाला ऐकेना. शेवटी हाइन्झने दुकान फोडून औषध चोरले. त्याने बरोबर केले का?

हो किंवा नाही, या उत्तराला कोलबर्ग यांनी महत्त्व दिले नाही. ‘का’ याचे उत्तर त्यांनी पाहिले आणि त्यातून सहा पायऱ्या मांडल्या. त्या आपल्याच परमार्थात ताडून पाहू.

पहिली पायरी शिक्षेची. ‘चोरी केली तर तुरुंगात जाईल.’ आपल्याकडे हाच तो ‘देव शिक्षा करील’ म्हणणारा भक्त. दुसरी पायरी देवघेवीची. ‘मी तुला दिले, तू मला दे.’ आपला नवस इथलाच. नोकरी लागू दे, मग वारी करीन. तिसरी पायरी लोकांच्या नजरेत चांगले ठरण्याची. ‘लोक काय म्हणतील?’ माळ घातली आहे, गावात बोभाटा नको, म्हणून सांभाळून वागायचे. चौथी पायरी नियम आणि व्यवस्थेची. ‘रीत आहे, ती मोडली तर घडी विस्कटेल.’ पाचव्या पायरीवर माणूस विचारतो, ही रीत माणसांच्या हिताची आहे ना? नसेल, तर सर्वांनी मिळून ती बदलावी. आणि सहाव्या पायरीवर प्रत्येक जिवाची किंमत सारखी, हे तत्त्वच त्याच्या अंतःकरणात बसलेले असते. मग वागायला ना धाक लागतो, ना लाभ.

आता हाइन्झचा पेच बाजूला ठेवू, कारण आपल्या घरातच त्याहून गोड पेच आहे. नाथांची कथा आपण सर्व जाणतो. काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला अर्पण करायची. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ती गंगा गाढवाच्या मुखात ओतली. ही कथा घरातल्या पाच, दहा आणि पंधरा वर्षांच्या मुलांना सांगा आणि विचारा : नाथांनी बरोबर केले का, आणि का? मुलांची उत्तरे मध्येच तोडू नका. कोणी म्हणेल, देव रागावला असेल. कोणी म्हणेल, पाणी देवासाठी होते, ते द्यायला नको होते. कोणी म्हणेल, पुन्हा आणता येईल, पण गाढव मेले असते. मूल कुठल्या पायरीवर उभे आहे, ते त्याच्या ‘का’मधून दिसेल.

इथे कीर्तनकार मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. पुष्कळदा आपण या कथेचा शेवट असा करतो, की त्या गाढवाच्या रूपाने साक्षात देवच होता. भाविकाला ते ऐकून आनंद होतो आणि भूतमात्रात देव आहे या अर्थाने ते खरेही आहे. पण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात कधी कधी वेगळाच हिशेब बसतो : ‘तो देव निघाला म्हणून नाथांचा फायदा झाला.’ म्हणजे कथा सहाव्या पायरीची आणि मुलाच्या कानात पडली ती दुसऱ्या पायरीची. देवाने दर्शन दिले नसते, कोणी पाहिले नसते, रामेश्वरही हुकला असता, तरी नाथांनी पाणी दिलेच असते. कथेचे मर्म इथे आहे आणि ते मुलांना उघडून सांगावे.

वय वाढले की माणूस आपोआप वरच्या पायरीवर जातो, असा कोणाचा समज असेल, तर कोलबर्ग यांचा अनुभव वेगळा आहे. त्याच मुलांपैकी अनेकांना ते आणि त्यांचे सहकारी सुमारे वीस वर्षे पुन्हा पुन्हा भेटत राहिले. बहुतेक जण मोठेपणी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर स्थिरावले. पाचवीवर थोडे पोहोचले. सहावीवरची माणसे तर त्यांना जवळजवळ मिळालीच नाहीत.

आपला इतिहासही याची साक्ष देतो. चोखोबारायांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. सहाशे वर्षे आपण तिथे माथा टेकवत आलो. चोखोबांना संत म्हणत आलो. आणि तेवढीच वर्षे त्यांच्या लोकांना आत पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवू दिले नाही. अडवणारे सगळे दुष्ट होते काय? मुळीच नाही. त्यांत नेमधर्म पाळणारे, प्रेमळ, एकादशी न चुकवणारे कितीतरी असतील. पण त्यांचा विचार चौथ्या पायरीवर थांबला होता : ‘रीत आहे.’ ही रीत कोणाच्या हिताची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

तो ज्यांनी विचारला, त्यांत साने गुरुजी होते. त्यांच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईची मोळी रस्त्यात पडते. तिला ती उचलवत नाही आणि कोणी हात लावायला तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर. लक्षपूर्वक पाहिले तर या एका आज्ञेत दोन पायऱ्या आहेत. आंघोळ ही त्या काळाची रीत आणि मोळी ही रीतीच्या पलीकडची करुणा. आईने रीत मोडली नाही, पण करुणेला रीतीच्या आधी जागा दिली. मुलाने त्यातले काय धरून ठेवले? तोच मुलगा मोठा झाला आणि १ मे १९४७ रोजी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसला. मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा १० मे रोजी त्यांनी उपोषण सोडले. आईच्या सांगण्यातली आंघोळ गळून पडली आणि मोळी उरली. मुलाच्या हातात करुणेचे एक काम दिले, तर पुढची वाट ते स्वतः चालते.

आता कोणी विचारील, मग नेम-नियम सोडायचे काय? माळ, एकादशी, वारी, हरिपाठ ही सारी खालची पायरीच ना? असे म्हणणे घाईचे होईल. कोलबर्ग यांच्या मते पायऱ्या गाळता येत नाहीत, क्रमाने चढाव्या लागतात. मुलाला आधी नियम हवाच. दिंडीत चोपदाराने चोप उंचावला की सगळे शांत होतात. त्या वेळी प्रत्येकाने ‘का’ विचारत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण चोप कशासाठी वर होतो, हे जाणणारा वारकरी चोपदार नसतानाही शांत राहतो. नियम पाळणारे दोघेही असतात. एकाच्या हातात नुसते टरफल असते, दुसऱ्याच्या हातात दाणा.

एक गोष्ट मात्र कोलबर्ग यांच्या मांडणीत सुटली होती. त्यांनी मुळात फक्त मुलगे घेतले होते. पुढे १९८२ साली कॅरल गिलिगन या विदुषीने दाखवले, की स्त्रियांचे नीतीचे बोलणे ऐकले तर तिथे हक्क आणि तत्त्व यांच्याआधी जिव्हाळा येतो : कोणाला दुखेल, कोणाची काळजी घ्यायची आहे, नाते कसे टिकेल. हे आपल्याला परके नाही. आपण पांडुरंगाला न्यायाधीश म्हणत नाही, विठाई म्हणतो. ज्ञानोबारायांना माउली म्हणतो. माउलीजवळ नियमही असतो, पण तो लेकराच्या ओढीतून आलेला असतो.

म्हणून वारीतली एक लहानशी रीत मला फार मोठी वाटते. दिंडीत भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला माउली म्हणतो आणि पाया पडतो. सत्तरीचा वारकरी नातवाच्या वयाच्या पोरापुढे वाकतो. ते पोर क्षणभर गोंधळते, मग तेही वाकते. पियाजे ज्याला परस्परांचा मान म्हणतात, तो इथे अंगाने शिकवला जातो. मात्र रस्त्यावर पाया पडून घरी त्याच पोराला ‘तुला काय कळते’ म्हणायचे, तर ती शिकवण वाखरीलाच संपली म्हणायची.

तेव्हा माउलींनो, या वेळी मूल चुकले तर देवाचा धाक थोडा मागे ठेवून पाहू. ‘त्याला कसे वाटले असेल?’ असे विचारू. ‘तुझ्या मनात काय होते?’ असे विचारू आणि उत्तर ऐकायला थांबू. नियम सांगताना त्याचे कारण सांगू. आणि मुलाने उलट विचारले, ‘मग तुम्ही असे का वागता?’ तर रागावू नये. तो प्रश्न आपल्याला पुढच्या पायरीवर बोलावणारा आहे.