बिन्सीची झाडे आणि आपला वड

हरी सर्वां घटी आहे, असे कीर्तनात ऐकले की आपण माना डोलावतो. पालखीमार्ग रुंद झाला तेव्हा वाटेवरचे जुने वड गेले. आमच्या विसाव्याचाही गेला. मी हळहळलो, तर दिंडीतले एक माउली म्हणाले, "देव काय त्या एका झाडात अडकलाय?" मला उत्तर सुचले नाही. आणि रुंद रस्त्याने मीही सुखाने चाललो, हे लपवून काय करू?

पुढे हॉपकिन्स वाचला. हा इंग्रज जेसुइट पाद्री. ऑक्सफर्डजवळ बिन्सी येथे थेम्सच्या काठी पॉप्लर झाडांची रांग होती, ती त्याच्या लाडाची. १८७९ साली ती तोडली गेली आणि त्याने त्या झाडांवर विलापाची कविता लिहिली.

सगळी सृष्टी देवाच्या तेजाने भारलेली आहे, असे मानणारा हा भक्त. मग त्याने रडावे का? मला वाटते, आमच्या माउलींना उत्तर इथेच आहे. त्याच्या दृष्टीने प्रत्येक वस्तूचे वेगळेपण हीच तिच्यावरची देवाची खूण. एक झाड गेले की ती खूण पुसली. तिच्या जागी दुसरे चालत नाही. पोर गेलेल्या आईला 'आत्मा अमर आहे' म्हणून सांगणे खरे असेल, पण ते कोणत्या तोंडाने सांगावे?

तो लाकूडतोड्याला शिव्याही देत नाही. 'आपण' म्हणतो. क्रुसावरच्या येशूने, हे काय करतात ते यांना कळत नाही, म्हणून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली होती. त्या बोलांचा पडसाद कवितेत आहे. मागून येणाऱ्यांना इथे काय होते याचा अंदाजसुद्धा येणार नाही, हे त्याचे खरे दुःख.

आपल्या काळातला केंटकीचा शेतकरी कवी वेंडेल बेरी १९७९ पासून रविवारी रानात फिरून कविता लिहीत आला. जागा मुळात पवित्रच, विटाळतो तो माणूस, असा त्याचा रोख.

यंदा त्याच विसाव्याला ताडपत्री बांधून बसलो. माउलींना बिन्सीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला वड नेमका कुठल्या बाजूला होता हो?"

आम्हा दोघांनाही सांगता येईना.