मृतांची अब्रू

राजदरबारांतील कारस्थानांवर रचलेल्या नाटकांची आवड कांहीं आजची नाहीं. सिंहासन एक आणि त्यावर डोळा ठेवणारे अनेक, राणीच्या महालांत एक बोलणें आणि मंत्र्याच्या खलबतखान्यांत दुसरें, आज ज्याच्या खांद्यावर राजाचा हात त्याचेंच मस्तक उद्यां धुळींत, हा प्रकार सर्व काळीं व सर्व देशांत प्रेक्षकांस मोहित करीत आला आहे. फरक पडला आहे तो इतकाच, कीं पूर्वीं हें नाटक पाहण्यास नाटकगृहांत जावें लागे. आतां दूरचित्रवाणीच्या द्वारें तें आपल्या माजघरांत येऊन बसतें. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारावरील अशा दोन मालिका विशेष गाजल्या. ‘दि ट्यूडर्स’ ही २००७ पासून २०१० पर्यंत चालली. ‘वुल्फ हॉल’ हिचा पहिला भाग २०१५ सालीं व दुसरा २०२४ सालीं आला. त्यांतील पोषाखांची व अभिनयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथें निराळ्याच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे. जीं माणसें खरोखर होऊन गेलीं, ज्यांचीं नांवें खरीं व थडगींही खरीं, त्यांच्या हातून न घडलेल्या गोष्टी त्यांच्या नांवावर किती घालाव्या? मेलेल्या माणसाचें जिवंत माणूस कांहीं देणें लागतो काय?

या प्रश्नाचें एक उत्तर नाटककारांपाशीं नेहमीं तयार असतें. ‘आम्ही नाटक लिहितों, इतिहास नव्हे,’ असें ते म्हणतात. या उत्तरांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. इतिहासाचे कागद फार मितभाषी असतात. अमक्या दिवशीं अमका मंत्री राजास भेटला एवढें ते सांगतात; महालाचा दरवाजा बंद झाल्यावर दोघांत काय बोलणें झालें आणि कोणाची नजर आधीं खालीं गेली, हें सांगत नाहींत. या मौनांत नाटककारानें शब्द घातले नाहींत तर त्याचीं पात्रें मुक्यानेंच उभीं राहतील. मधले महिने गाळावे, दोन भेटींची एक करावी, दहा सरदारांपैकीं तीनच ठेवावे, एवढी मोकळीक ज्यास मान्य नसेल त्यानें नाटक पाहूं नये, वंशावळी वाचाव्या. तेव्हां कल्पनेस दारांतच अडवावें असें आमचें म्हणणें नाहीं. तिनें कोणत्या उंबरठ्यावर थांबावें, एवढाच प्रश्न आहे.

हा उंबरठा कोठें आहे हें कळण्यास दोन उदाहरणें घेऊं. थॉमस मोर आणि थॉमस क्रॉमवेल हे हेन्रीचे दोन मंत्री. पहिल्याचा शिरच्छेद १५३५ सालीं झाला, दुसऱ्याचा १५४० सालीं. रॉबर्ट बोल्ट याच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या १९६० सालच्या नाटकांत मोर हा सदसद्विवेकासाठीं प्राण देणारा धीरोदात्त पुरुष आहे, आणि क्रॉमवेल हा त्यास जाळ्यांत ओढणारा कावेबाज अधिकारी. हिलरी मॅन्टेल यांच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या ‘वुल्फ हॉल’मध्यें पारडें अगदीं उलटें झालें आहे. तेथें क्रॉमवेल हा लोहाराच्या घरांतून बुद्धीच्या बळावर वर आलेला, कुटुंबवत्सल आणि जुन्या धन्याशीं इमान राखणारा पुरुष आहे. मोर मात्र कठोर व धर्मवेडा. या दोघां लेखकांपैकीं कोणी मृतांशीं अन्याय केला काय? आमच्या मतें नाहीं. मोरनें राजाच्या धमकीपुढें मान तुकविली नाहीं हें खरें. आणि तो राज्याचा मुख्य न्यायमंत्री असतांना पाखंडी ठरविलेल्या कांहीं माणसांस जिवंत जाळण्यांत आलें व त्या शिक्षेचें त्यानें आपल्या लेखनांतून समर्थन केलें, हेंही खरें. एकानें दिवा पहिल्या गोष्टीवर धरला, दुसरीनें दुसऱ्या. हा निवाड्याचा भेद आहे. मृतांच्या कृत्यांचा निवाडा नव्यानें करण्याचा अधिकार प्रत्येक पिढीस आहे. ज्यांचा निवाडा करावा असें कोणास वाटत नाहीं तींच माणसें खरोखर विस्मृतींत गेलीं असें समजावें.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. हेन्रीच्या दोन बहिणी होत्या. थोरली मार्गारेट स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स यास दिली होती. तो १५१३ सालीं फ्लॉडनच्या रणांगणावर पडला. धाकटी मेरी १५१४ सालीं फ्रान्सचा राजा बारावा लुई यास दिली. तो वयस्क राजा लग्नानंतर तीन महिन्यांच्या आंतच, १ जानेवारी १५१५ रोजीं, वारला; आणि पुढें मेरीनें चार्ल्स ब्रँडन या सरदाराशीं आपल्या मनाप्रमाणें लग्न केलें. ‘दि ट्यूडर्स’मध्यें या दोघी बहिणींची मिळून एकच मार्गारेट केली आहे. तिचें लग्न पोर्तुगालच्या म्हाताऱ्या राजाशीं लाविलें आहे. आणि ती त्या नवऱ्यास, तोंडावर उशी दाबून, ठार मारते असें दाखविलें आहे. दोघींची एक करणें ही रचनेची सोय म्हणून सोडून देऊं. पोर्तुगालही सोडून देऊं. पण खून? दोघींपैकीं एकीनेंही आपला नवरा मारलेला नाहीं. येथें इतिहासाच्या मौनांत शब्द घातलेले नाहींत; इतिहास स्पष्ट बोलत असतां त्याचें तोंड दाबून एका स्त्रीच्या माथीं पतिहत्या मारली आहे. निवाडा आणि बनावट यांतील भेद तो हाच.

यावर कोणी म्हणेल, ‘या स्त्रिया मरून पांचशें वर्षें होत आलीं. त्यांस आतां काय लागतें आहे?’ हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु अन्याय घडण्यास तो कळावाच लागतो असें नाहीं. एखाद्या गृहस्थाची त्याच्या पाठीमागें खोटी निंदा झाली आणि जन्मभर ती त्याच्या कानीं आली नाहीं, तरी त्याच्यावर अन्याय झालाच असें आपण म्हणतों. तो शेजारच्या खोलींत असल्यामुळें त्यास ऐकूं आलें नाहीं काय, किंवा तो मातींत असल्यामुळें आलें नाहीं काय, एवढ्यानें निंदा करणाराचें पाप बदलत नाहीं. मरणोन्मुख माणसास दिलेला शब्द पाळावा, मृत्युपत्राप्रमाणें वांटणी करावी, शत्रूच्याही प्रेताची विटंबना करूं नये, हे सर्व नियम आपण पाळतों ते काय म्हणून? रावण पडल्यावर त्याचा यथाविधि अग्निसंस्कार करण्यास रामानें बिभीषणास सांगितलें. त्या संस्कारानें रावणास सुख होणार होतें म्हणून नव्हे. जो उत्तर देऊं शकत नाहीं त्याच्याशीं आपण कसे वागतों, यांत आपली परीक्षा आहे.

कायद्याची मदत येथें फारशी होत नाहीं. इंग्लंडांत मृताच्या बदनामीबद्दल दिवाणी दावाच चालत नाहीं. आपल्याकडे भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमांत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत, मृतावरील आरोपही अब्रुनुकसानी ठरूं शकेल असें म्हटलें आहे. पण त्यास एक अट अशी, कीं त्याच्या कुटुंबीयांच्या वा निकटच्या नातलगांच्या भावना दुखविण्याचा हेतु असला पाहिजे. म्हणजे कायदा राखतो तें जिवंतांचें मन. मृताची बाजू घेण्यास त्याच्या दारीं कोणी वकील नाहीं. म्हणूनच हा प्रश्न नीतीकडे येतो.

आणि राजदरबारच्या नाटकांत तर या प्रश्नास एक विशेष धार आहे. दरबारी कारस्थानाचें मुख्य हत्यार कोणतें? खंजीर नव्हे, विषही नव्हे. न बोललेला शब्द एखाद्याच्या तोंडीं घालावा, न केलेलें कृत्य त्याच्या नांवावर लिहावें, आणि त्यास उत्तर देण्याची संधि मिळूं नये, हें तें हत्यार. सन १५३६ च्या मे महिन्यांत हेन्रीची दुसरी राणी अ‍ॅन बोलीन हिच्यावर पांच पुरुषांशीं व्यभिचार केल्याचा आरोप ठेवण्यांत आला. त्यांत तिचा सख्खा भाऊही होता. चौघांनीं न्यायालयांत तो साफ नाकारला. एक मार्क स्मीटन हा वादक तेवढा कबूल झाला. आरोपपत्रांत दिवस व ठिकाणें दिलीं आहेत. परंतु त्यांपैकीं बहुतेक दिवशीं राणी किंवा तो पुरुष त्या ठिकाणीं नव्हताच, असें संशोधकांनीं पुढें दाखवून दिलें आहे. तरीही १७ तारखेस ते पांच पुरुष आणि १९ तारखेस राणी, असे सहा जीव गेले. हा सर्व उद्योग क्रॉमवेलच्या हातून झाला, आणि ‘वुल्फ हॉल’नें आपल्या नायकाचें हें काम झांकून ठेविलें नाहीं, हें तिच्या कर्त्यांस भूषणावह आहे. चार वर्षांनीं त्याच क्रॉमवेलला न्यायालयापुढें उभेंही न करतां, पार्लमेंटच्या कायद्यानेंच दोषी ठरवून, वधस्तंभाकडे धाडण्यांत आलें. आतां आमचें म्हणणें वाचकांच्या लक्षांत येईल. असल्या दरबाराची कथा सांगणारा नाटककार जेव्हां स्वतःच एका निरपराध स्त्रीवर खुनाचा आरोप रचतो, तेव्हां तो त्या दरबाराचें चित्र काढीत नसतो. तो त्या दरबारांत नोकरीस लागलेला असतो.

हें केवळ परदेशांतच घडतें असें समजण्याचें कारण नाहीं. सन १७७३ मध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळीं पत्रांतील ‘धरावें’ याचें ‘मारावें’ आनंदीबाईंनीं केलें, हा प्रवाद निर्विवाद पुराव्यानें सिद्ध झालेला नाहीं. तथापि आपल्या भाषेंत ‘ध चा मा’ हा वाक्प्रचारच होऊन बसला आहे. संशयास पुरावा करणें हेंही अक्षर बदलण्याइतकेंच सोपें असतें. कथेंत, नाटकांत, घरोघरच्या बोलण्यांत तो ‘मा’ इतक्या वेळां उच्चारला गेला, कीं त्या बाईविषयीं दुसरें कांहीं जाणून घ्यावें असें कोणास वाटेनासें झालें.

येथें एक मोठा आक्षेप येतो, आणि त्यास बगल देणें बरें नव्हे. हाच नियम लावला तर शेक्सपिअरचें काय? त्यानें तिसऱ्या रिचर्डला कुबडा, वाळल्या हाताचा आणि मूर्तिमंत दुष्ट करून ठेविलें. सन २०१२ मध्यें लेस्टर शहरांत मोटारी उभ्या करण्याच्या जागेखालीं त्या राजाचा सांगाडा मिळाला, तेव्हां त्याचा कणा एका बाजूस वळलेला होता हें खरें ठरलें. पण वाळलेला हात खोटा ठरला. या आक्षेपास आमचें उत्तर असें, कीं शेक्सपिअरनें तें चित्र आपल्या मनानें रचलें नव्हतें. त्याच्या काळीं खरा म्हणून चालणारा इतिहास त्यानें घेतला. आणि त्या इतिहासाचा एक मूळ कर्ता, मौजेची गोष्ट ही, कीं वर आलेला तोच थॉमस मोर होय. चुकीचें ऐकून चुकीचें सांगणें हा दोष आहे. पण खरें ठाऊक असतां खोटें सांगणें हा निराळ्या जातीचा दोष आहे. ज्याच्या हाताशीं ग्रंथालयें आहेत आणि चरित्रें आहेत, त्याचें उत्तरदायित्व शेक्सपिअरहून अधिक आहे, कमी नव्हे. आणि नाटक थोर असलें म्हणून रिचर्डचें देणें फिटलें असेंही कोणी समजूं नये. कलेचें थोरपण हें दुसऱ्याच्या अब्रूवर काढलेल्या कर्जाची फेड होऊं शकत नाहीं.

मात्र आमच्या या विवेचनाचा आधार घेऊन नाटकगृहांवर चालून जाणाऱ्यांस आम्ही आधींच सांगून ठेवतों, कीं ते आमच्या पक्षाचे नव्हत. मृतांचा मान राखणें आणि मृतांविषयीं खरें बोलणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पूर्वजांच्या नांवानें जे रागावतात ते पुष्कळदां आपल्याच अभिमानास जपत असतात. एखाद्या थोर पुरुषाचा खरा दोष दाखविला तर ते खवळतात, आणि त्याच पुरुषाच्या पदरीं एखादा खोटा पराक्रम बांधला तर टाळ्या वाजवितात. वास्तविक खोटी स्तुति हीदेखील बनावटच. तींतही त्या माणसास बाजूस सारून त्याच्या नांवाचा एक पुतळा उभा केलेला असतो. मृतांचें आपण जें देणें लागतों तें पूजेचें नव्हे, सत्याचें.

मग प्रेक्षकांनीं काय करावें? मालिकेच्या आरंभीं ‘कल्पनेचें स्वातंत्र्य घेतलें आहे’ अशी एक ओळ बारीक अक्षरांत झळकवितात, तेवढ्यावर समाधान मानूं नये. कल्पना कोठें घातली हें ती ओळ सांगत नाहीं. चोरी झाली आहे एवढें सांगून कोणत्या घरीं तें न सांगणाऱ्या पहारेकऱ्यासारखी ती आहे. सुशिक्षित कुटुंबांतून हें काम घरच्या घरीं होण्यासारखें आहे. खेळ संपल्यावर मुलांनीं विचारावें आणि वडील मंडळींनीं, ठाऊक नसल्यास शोधून, सांगावें, कीं यांतलें घडलेलें कोणतें आणि रचलेलें कोणतें. रचलेल्यांतही मौन भरून काढलेलें कोणतें आणि कोणाच्या माथीं मारलेलें कोणतें. यानें करमणूक कमी होईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. ज्या मेरीनें नवरा मारला नाहीं, जिला अठरा वर्षांची असतांना राजकारणासाठीं एका म्हाताऱ्या राजास देण्यांत आलें, आणि जिनें विधवा होतांच भावाच्या संमतीची वाट न पाहतां आपल्या आवडीच्या पुरुषाशीं लग्न केलें, ती मालिकेंतल्या उशीवाल्या मार्गारेटपेक्षां कांहीं कमी धाडसी नाहीं. तिची खरी गोष्ट तिला परत देण्यास फार खटपट पडत नाहीं, एक पुस्तक उघडावें लागतें इतकेंच.