एकाआड एक

समोर संगणकाच्या पडद्यावर गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या नियमाचा तक्ता उघडा आहे. नियमाचं नाव, पर्याय, कमाल किती, किती गाड्यांमागे, प्राधान्य. पाचही रकाने रिकामे. काही टाइप करण्याआधी खुर्ची थोडी मागे घ्या, हात मांडीवर ठेवा आणि ज्या असेंब्ली लाईनसाठी हा नियम लिहायचा आहे ती मनात चालू करा.

समजा, दर 60 सेकंदांना एक गाडी स्टेशनात शिरते. हा लाईनचा टॅक्ट. स्टेशन 6 मीटर लांब, म्हणजे लाईन सेकंदाला 10 सेंटिमीटर सरकते. लांबून बघणाऱ्याला हा वेग संथ वाटतो. ज्याला गाडीबरोबर चालत काम उरकायचं असतं, त्याला तसा वाटत नाही. त्या माणसाजवळ जाऊन उभे राहा.

त्याच्या स्टेशनवर सनरूफ बसतं. सनरूफची गाडी आली तर त्याला 80 सेकंद लागतात, बिनसनरूफची असेल तर 40. आता पुढचा हिशेब सावकाश करा, डोळ्यांसमोर गाड्या सरकू द्या. सनरूफची गाडी आली. काम संपेपर्यंत ती 8 मीटर पुढे गेली आणि तो स्वतःच्या हद्दीबाहेर 2 मीटर गेला. मागची गाडी तोवर स्टेशनात शिरलेलीच आहे. ती साधी असेल तर 40 सेकंदांत उरकते आणि तो पुन्हा वेळेवर येतो. दोन गाड्या, 120 सेकंद, हिशेब फिटला.

पण मागचीही सनरूफची असेल तर? तो 4 मीटर पुढे जातो. तिसरीही तशीच आली तर 6 मीटर, म्हणजे शेजाऱ्याचं सबंध स्टेशन ओलांडून. तिथे दुसरा माणूस त्याच गाडीचं दार उघडून आत वाकलेला आहे. आता एक तर काम अर्धवट राहणार किंवा कोणाला तरी दोरी ओढून लाईन थांबवावी लागणार. टोयोटाने ही दोरी ओढायचा अधिकार लाईनवरच्या कामगाराला दिला, हे मला त्यांच्या उत्पादनपद्धतीतलं फार मोठं पाऊल वाटतं. तरी दोरी ओढायची वेळ येऊ नये, हे बघायची जबाबदारी गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्याकडे राहतेच.

पडद्यावर ‘दोनात एक’ लिहिलं की या माणसाचे 80 आणि 40 सेकंद लिहिले जातात. सलग कुठल्याही दोन गाड्यांत सनरूफची एकच. आणि ‘चारात दोन’ लिहिलं तर? प्रमाण तेच, निम्मं. इथे जरा रेंगाळा, कारण बहुतेकांची नजर इथून घसरून जाते. चारात दोन म्हटलं की सनरूफच्या दोन गाड्या लागोपाठ येऊ शकतात आणि मग दोन साध्या. माणूस 4 मीटर वाहवत जातो, मग सावरतो. शेजारच्या स्टेशनात तेवढी मोकळी जागा असेल, न्यूमॅटिक गनची नळी तिथवर पोचत असेल, तर हा नियमही योग्य आहे. नसेल तर नाही. दोन्ही आकड्यांचं उत्तर लाईनवर उभं राहून, जमिनीवर माप धरूनच मिळतं.

आता दिवसाची मागणी बघा. शंभर गाड्यांपैकी 60 ग्राहकांनी सनरूफ मागितलं असेल तर ‘दोनात एक’ पाळणारा क्रम अस्तित्वातच नाही. कितीही हुशार सॉफ्टवेअर आणा, शंभरात पन्नासाच्या वर जागा नाहीत. अशा वेळी नियम ढिला करायचा मोह होतो. थांबा. सनरूफच्या दहा गाड्या उद्यावर ढकलून त्यांच्या जागी उद्याच्या दहा साध्या आणा, किंवा स्टेशनवर दुसरा माणूस द्या. नियम बदलला म्हणून 80 सेकंदांचे 60 होत नाहीत.

सनरूफ हा एकच पर्याय झाला. टोइंग हुक, मोठी बॅटरी, उजवं स्टिअरिंग, डावं स्टिअरिंग, प्रत्येकाचं स्टेशन वेगळं आणि प्रमाण वेगळं. दहा वेगवेगळ्या गाड्या 36,28,800 प्रकारे रांगेत लावता येतात. वीस गाड्यांची संख्या 19 अंकी होते. पॅरेलो, कबाट आणि वॉस यांनी 1986 साली गाड्यांच्या क्रमाचा हा प्रश्न स्वयंचलित तर्काच्या अभ्यासकांपुढे मांडला, तेव्हापासून तो संशोधकांना सोडत नाही. 2005 मध्ये रेनोने आपल्या कारखान्यांतला हाच प्रश्न फ्रान्समधल्या रोआडेफ या संस्थेच्या स्पर्धेला दिला, आणि त्यात पेंट शॉपही आणलं. रंग बदलला की स्प्रे गन सॉल्व्हंटने धुवावी लागते, म्हणून पेंट शॉपला पांढऱ्यामागे पांढरी हवी असते. असेंब्लीला सारखेपणा नको, विखुरलेपण हवं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. लाईन चाकणची असो की फ्रान्समधली, प्राधान्याच्या रकान्यात या दोन खऱ्या गरजांपैकी आधी कोणाची भागवायची, हे लिहावं लागतं. प्रत्येक नियमाला पहिलं प्राधान्य देणं म्हणजे ते ठरवायचं टाळणं.

आणखी एका जागी मन न्या: यादीच्या शेवटाकडे. सोप्या गाड्या आधी लावत गेलं तर सकाळ सुरेख जाते. अवघड गाड्या मागे साचतात आणि शिफ्टच्या शेवटच्या तासात, पाय दुखायला लागलेल्या माणसांपुढे एकामागून एक येतात. म्हणून ज्या पर्यायाची मागणी क्षमतेच्या जवळ पोचली आहे, त्याच्या गाड्या पहिल्यापासून पेरत जायच्या. उसंत देणाऱ्या साध्या गाड्याही सांभाळून खर्चायच्या. आणि नियमाची मोजणी मध्यरात्री शून्यावर येऊ देऊ नका. काल रात्रीची शेवटची गाडी सनरूफची होती, तर आजची पहिली तशी नको. लाईन तारीख बघत नाही.

आता खुर्ची पुढे घ्या. पण आकडा भरण्याआधी त्या स्टेशनवरच्या ऑपरेटरला विचारा, त्याचे 80 सेकंद कोणी आणि कधी मोजले. सनरूफचा पुरवठादार बदलला असेल, दोन बोल्टचे चार झाले असतील, जुना हात जाऊन नवा आला असेल. पुन्हा मोजा, नव्या माणसाच्या हाताने मोजा, आणि नियमाच्या नोंदीत मोजल्याची तारीख आणि स्टेशनचा क्रमांक लिहा. मग पुढे कधी कोणी हा आकडा बदलायला बसलं, तर आधी कुठे जाऊन उभं राहायचं ते त्याला कळेल.