सोडवणे आणि तोडणे

मराठीत 'सोडवणे' हे एकच क्रियापद गाठीला लागते, गणिताला लागते आणि कैद्यालाही लागते. या तिन्ही प्रयोगांत एक समान अपेक्षा दडलेली आहे. गाठ सुटल्यावर दोरी वापरता आली पाहिजे, आणि कैदी सुटला असे म्हणायचे तर तो जिवंत बाहेर आला पाहिजे. 'तोडणे' या क्रियेनेही दोन गोष्टी वेगळ्या होतात, परंतु तोडणारा मागे काय उरते याची हमी देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पुष्कळदा दोन्ही कृती सारख्याच दिसतात. त्याच पान्यावर तोच हात, तेच बळ. मग त्यांतला नैतिक भेद नेमका कुठे आहे? या प्रश्नाचा विचार आपण बहुधा राज्यक्रांती, युद्ध, कुटुंबकलह अशा मोठ्या उदाहरणांनी करतो, आणि पक्ष आधीच ठरलेले असल्यामुळे विचार फारसा पुढे जात नाही. म्हणून येथे मुद्दाम एक लहान उदाहरण घेतो. लाकूड कातण्याच्या लेथवरील चकमध्ये अडकून बसलेला आटेदार अडॅप्टर कसा काढावा?

कातारी ज्या चकमध्ये लाकडाचा ठोकळा धरतो, तिला पुढे चार जबडे असतात आणि मागे आटे पाडलेले एक रुंद भोक असते. हे भोक थेट लेथच्या स्पिंडलवर बसत नाही. मध्ये एक पोलादी कडे येते. त्याच्या बाहेरच्या अंगाला चकचे आटे, आतल्या अंगाला स्पिंडलचे. हाच अडॅप्टर. त्याची गरज का पडावी? कारण जगातल्या लेथांची स्पिंडले एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपातल्या अनेक लेथांवर ३३ मिलिमीटर व्यास आणि ३.५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. अमेरिकेत एक इंच किंवा सव्वा इंच व्यासावर इंचाला आठ आटे रूढ आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये आट्यांची एकसारखी पद्धत सुचवली, तिचा कोन ५५ अंशांचा होता. विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फिलाडेल्फियात दुसरी पद्धत मांडली, तिचा कोन ६० अंशांचा. गंमत अशी की एक इंच व्यासाला दोन्ही पद्धतींत इंचाला आठच आटे येतात. त्यामुळे एकीचा नट दुसरीच्या बोल्टवर चढतो, जुळल्यासारखा वाटतो, आणि प्रत्यक्षात आट्यांच्या कडा चुकीच्या ठिकाणी टेकलेल्या असतात. अर्धवट साम्य हे उघड भेदापेक्षा अधिक फसवे असते, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

आता हे कडे अडकते कशाने? गंज हे एक कारण आहेच. ओले लाकूड कातताना पाणी उडते, आणि ओकसारख्या लाकडातील टॅनिन लोखंडाला लागले की काळेनिळे डाग धरतात. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. स्पिंडल एका दिशेने फिरत असते. पटाशीचा विरोध लाकडाला, आणि लाकडातून चकला, उलट दिशेला मागे खेचतो. आटे उजवे असल्यामुळे हा मागे खेचणारा जोर सांधा अधिकच आवळतो. स्पिंडल आणि अडॅप्टर यांमधला सांधा असाच आवळतो, अडॅप्टर आणि चक यांमधलाही. कातलेल्या प्रत्येक वाडग्यागणिक ही पकड थोडी घट्ट होते; हत्यार लाकडात रुतून झटका बसला की एका क्षणात पुष्कळच घट्ट होते. म्हणजे ज्या कामासाठी सांधा जोडला, ते काम नीट होत राहिल्यामुळेच तो सुटेनासा होतो. येथे कुणाचा अपराध नाही.

जुन्या लेथवर हा प्रश्न उद्भवतच नसे. आपल्याकडे खराद्यांचा कमानीने फिरणारा लेथ आणि इंग्लंडमधील चिल्टर्न टेकड्यांच्या बीच-वनात खुर्च्यांचे पाय कातणाऱ्यांचा लवचीक दांड्याचा लेथ, दोन्ही मागेपुढे फिरत. लाकूड दोन टोकांमध्ये धरलेले, एकदा इकडे, एकदा तिकडे. अशा फिरण्यावर आट्याचा सांधा टिकलाच नसता. पहिल्याच उलट फेऱ्यात तो सैल झाला असता. चकचा हा सांधा एकाच दिशेने अखंड फिरणाऱ्या गतीचे अपत्य आहे. अखंड गतीचे लाभ मोठे आहेत, आणि कमानीच्या लेथचे उगाच गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु जिला मागे वळण्याची सवयच नाही अशा गतीत बांधलेली प्रत्येक गोष्ट आपोआप आवळत जाते, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

अडकलेले कडे समोर आले की पहिला मोह लांब दांड्याच्या पान्याचा होतो. जाणकार आधी एक बारीक गोष्ट शोधतो. पुष्कळ चकमध्ये अडॅप्टर एका ग्रब स्क्रूने जखडलेला असतो, कारण लेथ उलटा फिरवून लाकूड घासताना तो सुटून येऊ नये. हा स्क्रू भोकात आत बुडालेला असतो, वर भुसा आणि तेलाचे कीट बसलेले असते, आणि तो दिसतच नाही. तो तसाच ठेवून पाना ओढला तर स्क्रूचे टोक आटे खरवडत जाते. अशा वेळी बळ कमी पडले, असे माणूस म्हणतो. वस्तुतः कमी पडलेले असते पाहणे.

गॉर्डियमच्या गाठीची कथा येथे आठवते. इसवी सनपूर्व ३३३ मध्ये अलेक्झांडरने ती तलवारीने तोडली, ही आवृत्ती सर्वांना ठाऊक आहे आणि धडाडीचा दाखला म्हणून ती शाळेपासून ऐकवली जाते. परंतु एरियन आणि प्लुटार्क या दोघांनीही दुसरी आवृत्ती नोंदवली आहे, ती अलेक्झांडरबरोबर असलेल्या ॲरिस्टोब्युलसची. तिच्यानुसार त्याने रथाच्या दांडीतली खुंटी उपसून काढली. गाठ तिच्याभोवती होती, म्हणून जू मोकळे झाले. माझ्या मते हीच आवृत्ती अधिक बुद्धिमान आहे, आणि बहुधा म्हणूनच ती कमी लोकप्रिय झाली. तलवारीच्या कथेत दोरीचे पुढे काय झाले हे कुणी विचारत नाही. विजेत्याला भविष्यवाणी हवी होती, दोरी नको होती. कातारी या चैनीत राहू शकत नाही. त्याला उद्या तीच चक वापरायची आहे.

खुंटी काढली तरी गाठ सुटेलच असे नाही. मग बळ लागतेच. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही म्हण आपण सैलपणे वापरतो, जणू युक्ती म्हणजे शक्तीचा अभाव. कामाच्या बाकावर मात्र युक्ती ही शक्तीला दिलेली दिशा, वेळ आणि जागा असते. पातळ, झिरपणारे तेल आट्यांत सोडून रात्रभर थांबणे हा पहिला उपाय; येथे बळ वेळेचे रूप घेते. दुसरा उपाय उष्णतेचा. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांशाने प्रसरण पावते. ४५ मिलिमीटर व्यासाचे भोक शंभर अंशांनी तापले तर ते जेमतेम ०.०५ मिलिमीटरने रुंदावते. एवढेही पुरते. मात्र अट अशी की बाहेरची चक तापावी आणि आतले कडे थंड राहावे. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच वाढतात आणि पकड जिथल्या तिथे राहते. सोडवतो तो ताप नव्हे, तापातला फरक. तेही जबडे काढून, तेल पुसून, गरम हवेच्या झोताने सावकाश करायचे. ज्वाला लावली तर कठीण केलेले पोलाद मऊ पडण्याची भीती.

तिसरा उपाय आघाताचा, आणि येथे बळ व बळजोरी यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. पान्याच्या टोकावर हातोडीचा एक आखूड, कडक ठोका जे करतो ते संपूर्ण शरीराचा भार टाकून लोंबकळल्याने होत नाही. ठोका सांध्यातली पकड क्षणभर हलवून थांबतो. लोंबकळणे मात्र जो भाग सर्वांत दुबळा असेल त्याला शोधून काढते. तो दुबळा भाग बहुधा भलताच निघतो. पुष्कळ लेथांवर भागणी करण्यासाठी स्पिंडलच्या चाकात शिरणारी एक बारीक खीळ असते. चक ओढताना स्पिंडल फिरू नये म्हणून तीच अडकवून जोर लावला, तर अडॅप्टर जिथल्या तिथे राहतो आणि खीळ वाकते किंवा चाकाची भोके फाटतात. बळजोरीची माझी व्याख्या यावरून अशी बनते: ज्या जोराचा प्रतिजोर कुणाला सोसावा लागेल याचा विचार केलेला नाही, तो जोर. प्रमाण हा गौण भाग आहे. ठोका मोठा असूनही सौम्य असू शकतो.

परंतु खरा नैतिक प्रश्न सोडवण्याच्या वेळी येत नाही, जोडण्याच्या वेळी येतो. चक स्पिंडलवर चढवताना तिची पाठ आणि स्पिंडलचा खांदा यांमध्ये नायलॉनची एक पातळ चकती घातली तर पुढे ती हाताने सुटते. मग सगळेच ती का घालत नाहीत? कारण काटेकोर माणसाला ती खुपते. धातू धातूला पूर्ण टेकला तरच चक अचूक फिरते. मधली चकती किंचित दबते आणि लाकूड केसभर डगमगते. सुटण्याची सोय ठेवायची तर अचूकपणातले काहीतरी द्यावे लागते.

हिंदू विवाहाच्या कायद्याचा इतिहास याच द्वंद्वाचा आहे. संस्काररूप विवाहात सुटण्याची तरतूद नव्हती, जरी अनेक जातींत रूढीने ती होती. मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला, देशभरासाठी १९५५ साली. पण १९५५ च्या कायद्यात सुटू पाहणाऱ्याने मुख्यतः समोरच्याचा दोष किंवा उणीव सिद्ध करायची होती. परस्परसंमतीने विभक्त होण्याचे कलम १३ ब आले १९७६ साली. एकवीस वर्षे कायदा असे धरून चालला की सांधा अडकला तर कुणीतरी गुन्हेगार असलाच पाहिजे. चकतीवरचा आक्षेप आणि या कलमावरचा आक्षेप एकाच जातीचे आहेत: तरतूद केली की पकड ढिली होते. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला खोटे ठरवून सुधारणेची बाजू घेणारे मला नेहमीच थोडे उथळ वाटत आले आहेत. पकड केसभर ढिली होते. ती किंमत देण्याजोगी आहे की नाही, एवढाच वाद प्रामाणिकपणे करता येतो. आणि उलट बाजूची किंमत कोण देत आले, हे पाहिल्यावर तो फार काळ चालू नये. त्याच कलमाने पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायला सांगितले, आणि योग्य प्रकरणी न्यायालय ती मुदत माफ करू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. तेल मुरायला वेळ द्यावा, पण आटे आधीच मोकळे झाले असतील तर उगाच वाट पाहू नये, असाच त्याचा अर्थ.

रूढीतल्या सुटकेला मराठीने दिलेला शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे: काडीमोड. मोडते ती काडी. दोन माणसे अखंड वेगळी व्हावीत म्हणून तिसरी, क्षुल्लक वस्तू मोडायची.

सर्व उपाय थकले की अडॅप्टरच्या वाट्याला हेच येते. चक महाग, स्पिंडल त्याहून महाग. मधले कडे बदलता येते. दोघांना जोडण्यासाठीच जे घडवले, त्यालाच शेवटी कापायचे. धातूच्या कड्याबाबत हा हिशेब निर्दोष आहे. मध्यस्थी करणाऱ्या माणसांबाबत, दुभाष्यांबाबत, दोन घरांमधल्या मुलांबाबत तोच हिशेब आपण किती सहज करतो, हे मात्र मन अस्वस्थ करणारे आहे. बाकावरची सवय बाकावरच राहावी. कडे कापतानाही घाई चालत नाही. आतून हॅक्सॉच्या पात्याने एक चीर घ्यायची, ती चकच्या आट्यांना भिडण्याआधी कागदभर अंतरावर थांबवायची, आणि मग चिरेपाशी कडे आत दुमडून काढायचे. मागे आट्यांत राहिलेले तुकडे टोच्याने एकेक करून उचलायचे, रॉकेलने भोक धुवायचे. नवा अडॅप्टर लावताना पहिले दोन-तीन वेढे पान्याशिवाय, बोटांनी द्यायचे; कुठे खरखर लागली तर परत बाहेर काढून पाहायचे.