कुलपाचे गुपित

शेजाऱ्याचे कुलूप कच्चे आहे हे आपल्याला कळले, तर त्याला सांगावे, यात कोणाचे दुमत होणार नाही. पण तसलेच कुलूप तीन लाख घरांना असेल तर? एवढ्या मालकांना सांगायचे म्हणजे जगाला सांगायचे, आणि जगात चोरही आलेच.

हा पेच नवा नव्हे. लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेले असे. किल्लीवाचून ते उघडील त्याला २०० गिनींचे बक्षीस होते. सुमारे साठ वर्षे ते कोणाला उघडले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला तेथे आला. त्याने आधी चबचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले. मौज अशी की, कोणी खोटी किल्ली चालवली तर अडकून बसायचे आणि मालकाला चाहूल द्यायची, अशी त्या कुलपाची ख्याती होती. मग ब्रामाचे कुलूप घेऊन तो बसला आणि सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून तेही त्याने उघडले. इंग्लंडभर ओरड झाली. कुलूप कच्चे निघाले याच्यापेक्षा ते कच्चे आहे असे बोलले गेले, याचाच अनेकांना राग आला.

आता कुलपाच्या जोडीला बिनतारी घंटा आली आहे. दारावर लोहचुंबक आणि चौकटीवर एक डबी असते. दार उघडले की चुंबक दूर जातो, आणि डबी हवेतून घरातल्या मुख्य यंत्राला वर्दी देते. मालक घरी आला म्हणजे गुप्त आकडा दाबतो. तोही हवेतूनच जातो. २०१६ च्या फेब्रुवारीत अँड्र्यू झोनेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की, ‘सिम्पलीसेफ’ कंपनीच्या यंत्रांत हा निरोप सांकेतिक लिपीत न घालता उघडाच धाडला जातो. अडीचशे डॉलरांच्या आसपासची सामग्री घराजवळ दडवून ठेवावी, मालकाचा निरोप टिपून घ्यावा, आणि मग केव्हाही तोच पुन्हा ऐकवावा, घंटा गप्प! आकडा समजण्याचीही गरज नाही. पोपटाला कुठे अर्थ कळतो? दर खेपेला निरोप बदलत गेला असता तर कालचा निरोप आज शिळा ठरला असता. पण विकलेल्या यंत्रांतला लेख एकदाच कोरता येण्याजोगा होता. घरबसल्या दुरुस्ती नाही, यंत्रच बदलायला हवे. आणि अशी घरे अमेरिकेत तीन लाखांहून अधिक असल्याचे त्या वेळी छापून आले होते.

कंपनीला आधी कळवायचा प्रयत्न केला, उत्तर आले नाही, असे संशोधकाच्या बाजूचे म्हणणे होते. तरीही त्याने बोलावे का?

गप्प राहिल्याने चोर अडाणी राहतो, ही समजूत मला पटत नाही. मी शाळामास्तर आहे. वर्गाच्या कोणत्या खिडकीची कडी निकामी आहे, हे मुख्याध्यापकांच्या आधी मुलांना ठाऊक असते. ज्याला गरज असते तो शोधतोच. शिवाय घंटेवर विसंबलेला माणूस दाराला दुसरा अडसर लावीत नाही, शेजाऱ्याला ‘जरा लक्ष ठेवा हो’ म्हणत नाही. खोट्या भरवशाने तो पूर्वीपेक्षा उघडा पडतो, आणि ते त्याच्या गावीही नसते.

तथापि एक म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. (कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशी माणसे दिसतात.) तिच्याजवळ नवे यंत्र घेण्याइतके पैसे नाहीत. काल तिला निदान झोप येत होती. आज खोड तिलाही कळली, चोरालाही कळली. आणि चोर ती वापरू शकतो, तिला मात्र ती दुरुस्त करता येत नाही. तिला सत्य सांगितले म्हणून आपण हात झटकले, तर ते मला निर्दयपणाचे वाटते. तरी सांगावेच, असे मी म्हणेन. आधी कारखानदाराला, ठरावीक मुदत देऊन, मग लोकांना, आणि कृती न सांगता. माझ्या कादंबरीतला चोरही कुलूप उघडतो, पण कसे ते मी लिहीत नाही. (खरे म्हणजे मला ते येत नाही!)

राहिला प्रश्न म्हातारीच्या नव्या यंत्राच्या पैशांचा. तो संशोधकाला विचारणारे पुष्कळ भेटतात. मी मात्र तो यंत्र विकणाऱ्याला विचारीन. ब्रामाच्या पेढीने कुरकुर पुष्कळ केली, पण हॉब्जला २०० गिनी मोजून दिल्या.