भवानी व्हायच्या आधी

"घ्याचा हाय का नुसता बगाचा हाय, बाय?"

पनवेलच्या मच्छी मार्केटात हा प्रश्न मला विचारला गेला. फोन माझ्या हातात नव्हता. तो माझ्या पाहुणीच्या हातात होता, आणि बोंबील साफ करणाऱ्या मावशींच्या बोटांचा ती व्हिडिओ काढत होती. मावशींनी कोयता थांबवला. तिच्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. "म्हावऱ्याचा काढ म्हणावं फोटू. माजा नको. सकालपासून भवानी नाय झाली अजून."

मी ओशाळले. अठरा वर्षं मी या बाजारात मासे घेते. त्या दिवशी मात्र पिशवी न घेता आले होते.

झालं होतं ते असं. माझी भाची न्यू जर्सीहून आली होती, सोबत तिच्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी. शनिवारी त्यांनी मुंबईत एक सहल घेतली: चार तास, एक गाइड, खाऊगल्ल्या, एक देऊळ, एक बाजार, सहा ठिकाणचं खाणं. घरी आल्या त्या खूश होऊन. गाइड मुलगा हुशार होता, माहिती पक्की होती, कुणाचं पोट बिघडलं नाही. भाची म्हणाली, "मावशी, उद्या तू तुझं पनवेल दाखव." मला आनंद झाला. आमच्या गावाकडे लोक महामार्गावरून जाताना खिडकीतून बघतात. आता विमानतळही झाला, 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उतरू लागली, तरी उतरणारा माणूस मुंबईचाच रस्ता धरतो. पनवेल बघायला म्हणून कुणी येत नाही. तेव्हा मी रात्री कागद घेऊन बसले आणि एका दिवसाची गाइड झाले.

कागदावर सगळं होतं. 1852 साली स्थापन झालेली नगरपालिका, वडाळे तलाव, बल्लाळेश्वराचं देऊळ, 1872 पासून इथे आयुर्वेदाची औषधं बनवणारं धूतपापेश्वर, शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. खाण्याचीही यादी होती. त्या यादीत पदार्थ होते, माणसं नव्हती. मासळीपुढे मी लिहिलं होतं, 'मार्केट, 20 मिनिटं, फोटो छान येतील'.

ही ओळ माझ्या हातची आहे, आणि तिच्याबद्दलच आज लिहायचं आहे.

गाइडने घडवलेल्या सहलींना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. नीट केलेली सहल गावाचं भलं करते. अहमदाबाद महापालिकेने 1997 साली जुन्या शहरातून वारसा फेरी सुरू केली. बाहेरची माणसं पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमधून, चालू लागली, वीस वर्षांनी युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारशात घेतलं. धारावीत 2006 पासून फेऱ्या नेणाऱ्या रिअ‍ॅलिटी टूर्सने पहिल्यापासून एक नियम ठेवला आहे: पाहुण्यांनी कॅमेरा काढायचा नाही. नफ्याचा 80 टक्के वाटा तिथल्या कामासाठी जातो. गरिबांची वस्ती बघायला जाणं ही जुनी खोड आहे. लंडनची श्रीमंत मंडळी 1880च्या दशकात ईस्ट एंडला अशीच जात. धारावीत जाणं बरोबर की चूक यावर वाद होतो आणि तो व्हावा, पण कॅमेऱ्याचा नियम करणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. बघणाऱ्याला भान राहत नाही, ते दाखवणाऱ्याने ठेवायचं असतं. मावशींनी पाहुणीला न विचारता मला विचारलं, ते याचसाठी. त्यांच्या लेखी ती परकी बाई होती, तिला काय कळणार! बाजाराची रीत माहीत असलेली मी होते.

मी बोंबलांचा वाटा घेतला. घासाघीस केली नाही, भवानीच्या वेळी करू नये असं माझी आई सांगायची. मावशींनी नोट कपाळाला लावली, पाटीखाली सरकवली, आणि मग त्यांची जीभ सुटली. बोंबील कुठल्या बाजूने चिरायचे, पाणी काढायला त्यांवर वजन किती वेळ ठेवायचं, रवा आधी लावायचा की तांदळाचं पीठ. भाची भाषांतर करत होती. पाहुणीने तिच्यामार्फत विचारलं, आता फोटो काढू का?

"नको," मावशी म्हणाल्या. शांतपणे, हसून. "म्हावरा इकला, थोबार नाय इकला."

मासळी विकली, तोंड नाही विकलं. पैसे दिले की आपला हक्क झाला, असं आपल्याला फार सहज वाटतं. तिकीट काढलं, सहलीचे पैसे भरले, वडापाव विकत घेतला, म्हणजे समोरचं सगळं आपल्याला बघायला मोकळं. पैशाने घेतला जातो तो वाटा. चेहरा, ओटा, दारातली तुळस, वाळत घातलेले कपडे हे त्या वाट्यात येत नाही. पणजीच्या फोंतेन्हास भागात रंगीत घरांसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांची एवढी रीघ लागते की रहिवाशांनी दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या. सुंदर घरात राहणं हा त्यांचा धंदा नाही. ते तिथे राहतात, इतकंच.

बाजारातून आम्ही बेने इस्रायल ज्यूंच्या सिनेगॉगपाशी गेलो. पनवेलमध्ये हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण ते घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. शब्बाथच्या दिवशी काम नाही, लिहिणं नाही, कॅमेराही नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, त्या पनवेलला असत्या तर मी त्यांना इथे हौसेने घेऊन आले असते, वाराचा विचारही न करता. पाहुण्यांना मलिद्याबद्दल सांगितलं. भिजवलेले पोहे, खोबरं, गोडी, वर फळं, एलियाहू हन्नवी या प्रेषिताच्या नावाने केलेला प्रसाद. एकीने लगेच विचारलं, "तो कुठे मिळेल?" तिचा प्रश्न भाबडा होता. मी म्हणाले, मिळत नाही, बोलावलं तर वाढतात.

पोपटीचंही पूर्वी असंच होतं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर मडकं आणायचं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कुणाकडे मसाला लावलेली कोंबडी. मीठ-ओवा टाकायचा, वर पुन्हा पाला दाबायचा, मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र आवाज आला की उतरवायचं. माझ्या लहानपणी पोपटीचं आमंत्रण यायचं. आता फार्महाऊसवर माणशी दर लावून पोपटी मिळते. मला त्यात वाईट दिसत नाही. ज्याचं शेत त्याला चार पैसे मिळतात, शहरातल्या मुलांना भांबुर्डीचा वास कळतो. फक्त एवढं बघावं की मडकं लावणाऱ्या माणसाला पंगतीला बसवतात की तो शेकोटीपलीकडे उभा राहून पाहुण्यांची ताटं उचलतो. मी दोन्ही पाहिलं आहे.

खरी अडचण झाली ती संध्याकाळी, वडापावच्या गाडीवर.

नवीन पनवेलात एका कोपऱ्यावर ही गाडी लागते. वडा तिथला खरोखर चांगला आहे. लसूण ठेचून घातलेला, हिंग जाणवणारा, बेसनाचं आवरण पातळ. मी अभिमानाने पाहुण्यांना नेलं. एकीने पर्समधून बाटली काढली आणि आदल्या दिवशीच्या गाइडची सूचना मोठ्याने आठवून सांगितली: पाणी नको, ओली चटणी नको. इंग्रजीत होतं, पण 'वॉटर' आणि 'नो' हे शब्द गाडीवाल्याला कळतात. त्याने काही न बोलता ओल्या चटणीचा डबा मागे सरकवला.

पाहुणीने काळजी घेतली, त्यात तिचं चुकलं नाही. पोट बिघडलं तर परक्या देशात हाल तिचेच. पण मला त्याच्या गाडीखालचे पाण्याचे दोन कॅन दिसले. ते तो कुठून भरून आणतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. गाडीला नळ नाही. मच्छी मार्केटातल्या किंवा फुटपाथवरच्या बाईला दिवसभर जायला स्वच्छ जागा नसते, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मुंबईत 2011 साली बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली ती याच दुखण्यातून. 'रस्त्यावरचं अस्वच्छ' म्हणताना आपण बोट गाडीवाल्याकडे दाखवतो. नळ द्यायचा कुणी, शौचालय बांधायचं कुणी, हा प्रश्न त्या बोटाच्या दिशेला येत नाही.

आणि मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या पिंपळाजवळच्या सोसायटीत राहता ना? पूर्वी मी तुमच्या गेटबाहेर लावायचो."

मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने गेटबाहेरच्या गाड्या हटवा म्हणून अर्ज केला होता. तेलाचा वास, संध्याकाळची गर्दी, स्कूटरला जागा नाही, अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. अर्जावर चाळीसेक सह्या होत्या, त्यात माझी होती. काही दिवसांनी गाड्या उचलल्या गेल्या. मी सही केली तेव्हा कागदावर 'अतिक्रमण' हा शब्द होता. पाहुण्यांना सांगताना मी त्याच माणसाला 'आमच्या गावची खासियत' म्हणत होते.

यासाठी कायदा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा कायदा संसदेने 2014 साली केला. शहरातल्या विक्रेत्यांचं आधी सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्रं द्यायची, ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत, आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका. म्हणजे कुठे उभं राहायचं हे ठरवताना उभं राहणाऱ्याचाही आवाज असावा, असं कायदा म्हणतो. पायी चालणाऱ्याला फुटपाथ मोकळा हवा, हेही तोच कायदा धरून चालतो. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. आमच्या अर्जात एकच होती. त्या चाळीस घरांपैकी बहुतेकांनी त्या गाडीवर वडा खाल्ला होता, तरी त्याला पलीकडे दहा पावलांवर जागा देता येईल का, हे विचारायला कुणी खाली उतरलं नाही. मीही नाही.

सहलीला आलेल्या माणसापेक्षा गावात राहणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे, असं मला त्या संध्याकाळपासून वाटतं. पाहुणा चार तासांत निघून जातो. त्याच्याकडून फार तर विचारून फोटो काढण्याची, हाताने पैसे देण्याची, समोरच्याच्या तोंडावर नाक न मुरडण्याची अपेक्षा करता येईल. गाव दाखवणाऱ्याला मात्र ज्या गावाची तो बढाई मारतो ते टिकवावं लागतं. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. खाडीवर जगणाऱ्यांची खाडी आकसली. उद्या त्याच विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी 'कोळीवाडा आणि खाद्यसंस्कृती' अशी सहल निघेल, निघावीही. तेव्हा गाइड आगरी-कोळी घरातला मुलगा किंवा मुलगी असावी, कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे त्यांनी ठरवावं. पाटीत विकायला मासळी उरली पाहिजे, नाहीतर दाखवायला नुसता चेहराच शिल्लक राहील, आणि तो मावशींनी विकायला काढलेला नाही.

मी गाडीवाल्याला सहीबद्दल सांगितलं. त्याच संध्याकाळी नाही, पाहुण्या गेल्यावर, एकटी जाऊन. तो वडे तळत होता. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, इथे धंदा कमी आहे, पण उन्हाचा त्रास नाही. त्याने मला माफ केलं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तळणाच्या कढईसमोर उभं करून ते विचारायचा मला अधिकारही नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी मी दोन विषय लिहून दिले आहेत: गेटपलीकडे गाड्यांसाठी जागा मिळावी म्हणून आपणच अर्ज करणं, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा एक नळ बाहेर काढणं. दुसऱ्या विषयावर सचिवांचा फोन येऊन गेला. वाद होणार आहे.

बुधवारी मार्केटात गेले, पिशवी घेऊन. पाहुणीने निघताना मला विचारलं होतं, त्या बाईंचं नाव काय? अठरा वर्षांत मला ते माहीत नव्हतं. विचारलं. मावशींनी सांगितलं, आडनावासकट, माहेरच्या गावासकट. ते छापू का हे मी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. कोयता धुता धुता त्यांनी माझं नाव विचारलं, आणि मग विचारलं, "तुजे पावनीला बोंबील जमले का गो?"